साळवे सिस्टरांची दहा मिनिटं

साळवे सिस्टरांनी माझी ओळख करून घेतली ती माझं नाक धरून. नुसती बोलायची तऱ्हा म्हणून सांगत नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत, हाडाच्या खालची मऊ जागा बघून, त्यांनी माझं नाक दाबलं आणि दहा मिनिटं सोडलं नाही. शाळेच्या व्हरांड्यात लसीकरणाला जमलेल्या वीस-पंचवीस बाया पोरं काखेत घेऊन बघत होत्या. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. अंगावर नायलॉनचं कडक पातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आपल्यासारखी सून पंचक्रोशीत नाही अशी मनाशी खात्री. ती खात्री दहा मिनिटं तोंडानं श्वास घेत बसली होती.

त्याचं झालं असं. इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या अलीकडं आमची वस्ती. आजेसासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती, सासऱ्यांनी ती मोडून विहीर पाडली आणि आम्ही शेतकरी झालो. माझी लेक वैशाली सहा वर्षांची होती. तिचा सारखा घोळणा फुटायचा, म्हणजे नाकातून रक्त यायचं. त्या दिवशी इंजेक्शनच्या रांगेतच धार लागली. मी तिला फरशीवर उताणी पाडली आणि मान मागं टाकली. एका बाईनं कांदा बुक्कीनं फोडून नाकाशी धरला. शाळेत कांदा कुठून आला ते मला अजून कळलेलं नाही. दुसरीनं टाळूवर तांब्या ओतला. तिसरी म्हणाली, चप्पल हुंगवा. ते फेफऱ्याला असतं, घोळण्याला नव्हे, असं चौथी तिला समजावत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"व्हा बाजूला. लेकरू हाय का वाफा, पाणी कशाला सोडताय?"

सिस्टरांनी वैशूला उठवून बसवलं, मान पुढं वाकवली, नाक चिमटीत धरलं आणि छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ बघितलं. "रगत बघून पळायचं न्हाय," त्या सगळ्या बायांना म्हणाल्या, "घड्याळ बघून बसायचं. दहा मिन्टं. तोंडात आलेलं थुकायचं, गिळायचं न्हाय." तीन मिनिटं झाली असतील, मी म्हटलं, जरा सोडून बघा की थांबलं का. "भाताचं झाकण न्हाय ते," त्या म्हणाल्या, "घडीघडीला उघडून बघायला."

दहा मिनिटांनी त्यांनी हात काढला. रक्त थांबलं होतं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता तुमचं नाक द्या."

"मला कुठं काय झालंय?"

"तुमालाच झालंय. पोरगी गप बसलीय, नाचताय तुमी."

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. माझं आधीपासूनच उघडं होतं, त्यामुळं मला फार त्रास झाला नाही. पण दहा मिनिटं म्हणजे किती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तोवर मी नाक धरायचे ते फार तर वीस-तीस आकडे मोजीपर्यंत, आणि म्हणायचे, काही उपेग होत नाही.

सिस्टर तेव्हा चाळिशीच्या होत्या. उंच, सावळ्या, पायात पुरुषी सँडल, खांद्याला रेक्झिनची पिशवी. मूळच्या बारामतीकडच्या, सांगवीच्या. बाप दुसऱ्याच्या रानात राबणारा. छप्पन साली दीक्षा घेतली आणि मग जन्मलेल्या तिन्ही पोरींना त्यानं शाळेत घातलं. "बा म्हणायचा, देव बदलला तसं नशीब बी बदलाय पायजे, न्हायतर नुसताच फोटू बदलला," असं त्या सांगायच्या. आरोग्य उपकेंद्राचा अहवाल लिहिताना त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी असायची आणि बाजेवर बसून बोलताना आमच्यासारखी. मी एकदा विचारलं, तुम्हाला शुद्ध येतं की, मग असं का बोलता. "शुद्ध कागदाला लागतं," त्या म्हणाल्या. "माणसाला समजंल ते लागतं."

त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांच्यासाठी फळीच्या मागून कान तुटलेला कप काढला. सिस्टरांनी तो बघितला. मग पिशवीतून आपला स्टीलचा गिलास काढून पुढं ठेवला. "कप राहू द्या, आत्याबाई. रोज चाळीस घरं हिंडते. कुणाचा खोकला, कुणाचा ताप. कुणाचं उष्टं पिऊन आजारी पडाय मला सवड न्हाय." आत्याबाई चहा ओतत राहिल्या. नेमकं कुणी कुणाला लांब ठेवलं, याचा हिशेब त्यांना दिवसभर लागला नसावा. मी दाराआड उभी राहून हे सगळं बघितलं आणि काही बोलले नाही. तेव्हाची मी फक्त स्वतःच्याच बाबतीत बोलायचे, आणि ते मात्र भरपूर.

त्या इंदूबद्दल, म्हणजे तेव्हाच्या माझ्याबद्दल, जरा सांगायला हवं. माहेरी शाळेत तिला सगळे शेंबडी इंदी म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. त्याचा सूड तिनं पुढं आपल्या लेकीच्या नाकावर उगवला. माझ्या पोरीचं नाक कुणी वाहताना बघितलंय का, हे मी वस्तीवर शपथेवर विचारायचे. रोज सकाळी मोरीपाशी वैशूला उभी करायची, पदराचं टोक पाण्यात बुडवायचं, पिळून त्याची वात करायची, आणि दोन्ही नाकपुड्यांत फिरवून आत असेल नसेल ते सगळं बाहेर काढायचं. पोरगी रडायची. मी म्हणायचे, सवय होईल. नाक असं लख्ख झालं की मला दिवसभर बरं वाटायचं.

आमच्या घरात माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. मी त्यांना अक्का म्हणते. त्यांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. वैशू जन्मली ती माझ्या पोटी, पण वाढली त्यांच्याच मांडीवर. मला ती आई म्हणायची आणि त्यांना थोरली आई. सिस्टर भेटायच्या आधीची गोष्ट. एका दुपारी अक्कांनी वैशूला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि घटकाभरात घोळणा फुटला. मी नेहमीप्रमाणं मान मागं टाकून तिला निजवलं. रक्त घशात उतरलं, आणि थोड्या वेळानं पोरीनं काळपट रक्ताची उलटी केली. ते बघून माझं डोकं फिरलं. ज्या बाईच्या हातचा लाडू, तिचीच नजर. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्का, आजपासून माझ्या पोरीला शिवायचं न्हाय."

 अक्का आत गेल्या आणि ज्वारी निवडत बसल्या. वैशू 'थोरली आई' करत दाराशी जायची, तर त्या तिला म्हणायच्या, "जा बाळा, आईकडं जा."

पुढं ही उलटीची हकिकत मी सिस्टरांना सांगितली, नजरेसकट. त्यांनी ऐकून घेतलं. "रगत गिळलं की पोट ते परत करतं," त्या म्हणाल्या. "पोटाला रगत पचत न्हाय. लाडू पचतो." एवढंच. नजरेचं काही बोलल्या नाहीत. वैशूचे हात-पाय, पाठ, हिरड्या त्यांनी उजेडात नेऊन बघितल्या. अंगावर न पडता काळे-निळे डाग उठतात का, दात घासताना रक्त येतं का, जखम लवकर थांबते का, असं काय काय विचारलं. तसलं काही नव्हतं. तरीही त्या म्हणाल्या, "मला दिसत न्हाय म्हंजी न्हायच असं म्हणायची माझी पायरी न्हवं. बारामतीला नाकाच्या डॉक्टरला दावा. रगत तपासून घ्या."

आम्ही एसटीनं बारामतीला गेलो. कपाळावर आरसा बांधलेले डॉक्टर, बोलायला शांत. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. त्यांनी नाकात बघून सांगितलं की पुढच्या बाजूलाच एक बारीक शीर आहे, तिच्यावर खपली धरते आणि निघते, म्हणून रक्त येतं. "नाकात बोट घालते का?" त्यांनी विचारलं. मी ताठ होऊन म्हणाले, "आमच्यात असलं कुणी करत न्हाय, डॉक्टर. पोरीचं नाक बघा की, कसं स्वच्छ हाय." रोज कोण आणि कशानं स्वच्छ करतं, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांनी मलम दिलं, झोपताना लावा म्हणाले, खपली आपोआप पडू द्या म्हणाले. हे शेवटचं मी ऐकलं, पण ते बोटं घालणाऱ्या पोरींसाठी असावं असं समजून सोडून दिलं.

आणि मग मी जे केलं ते ऐकून माझ्या नाती आजही लोळतात. रात्री मी मलम लावायचे. सकाळी बघते तर आतली घाण कशी मऊ झालेली. पदराची वात फिरवली की अलगद निघायची. मला वाटलं, काय हुशार डॉक्टर. महिनाभर मी त्या मलमानं नाक धुतलं. आणि घोळणा, जो पूर्वी चार-आठ दिवसांनी फुटायचा, तो आता एकाआड एक दिवस फुटायला लागला.

मग माझी खात्रीच पटली. मोठ्या डॉक्टरचं औषध लागू पडत नाही म्हणजे हे दुखणं औषधातलं नाही. मी देवऋषाकडं गेले. त्यानं तांदूळ टाकले आणि म्हणाला, घरातलीच बाई आहे, कूस उजवली नाही तिची. हे त्याला कसं कळलं याचं मला केवढं आश्चर्य वाटलं. आमच्या घरात कोणाला मूल नाही हे आसपासच्या बारा वस्त्यांना ठाऊक होतं, एवढं त्या इंदूच्या ध्यानात आलं नाही. घरी येऊन मी आत्याबाईंना सांगितलं, एक तर ती राहील नाही तर मी. आत्याबाईंनी तीन दिवस विचार केला आणि ठरवलं, सोमवारी थोरलीला माहेरी, कन्हेरीला धाडायचं. परत आणायचं ते पोरगी बरी झाल्यावर बघू. म्हणजे कधी, ते कुणी बोललं नाही. चौदा वर्षांनी मूल नसलेली बाई माहेरी पोचवली की तिला परत आणायला कोण जातं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. अक्कांनी आपली दोन लुगडी घडी घालून ट्रंकेवर ठेवली.

सोमवारच्या आधीचा शनिवार. सकाळी सातच्या आत सिस्टर वस्तीवर हजर. त्यांची यायची ही वेळच नव्हे. "हिकडं बाळंतीण बघायला आले हुते, म्हणलं चहा घेऊन जावं," असं म्हणत त्या बाजेवर न बसता थेट मोरीपाशी गेल्या आणि पालथ्या घमेल्यावर बसल्या. चहा आपल्या गिलासात घेतला. मी माझं काम कशाला थांबवू. पाहुण्यांना दिसू दे तरी पोरीची निगा कशी राखते ते, म्हणून मी वैशूला उभी केली आणि त्यांच्यासमोर अगदी मन लावून पदर फिरवला.

रक्त आलं. सिस्टरांनी गिलास खाली ठेवला, वैशूला पुढ्यात घेतलं, नाक धरलं, घड्याळ बघितलं. दहा मिनिटं तशाच धरून बसल्या. मग हात धुऊन मला म्हणाल्या, "इंदू, गोठ्याकडं चल जरा."

गोठ्यामागं त्यांनी सांगितलं, "पदर दाव."

मी पदर पुढं केला. टोकाला ओलं रक्त होतं. त्याच्या भोवती जुने तपकिरी डाग होते, धुऊन न गेलेले.

"ही कुणाची नजर?" सिस्टर म्हणाल्या.

मी ते टोक मुठीत धरलं.

"गुडघा फुटला की खपली धरती का न्हाय? तशी नाकात बी धरती. तू ती रोज सकाळी काढतीस, घाण समजून. नाक म्हंजी भित न्हवं, पोपडा दिसला की खरवडायला."

"पण डॉक्टरचं मलम लावत हुते की मी."

"ते खपली मऊ ऱ्हावी, चिरू नये म्हणून दिलं हुतं. तू त्याचा साबण केलास."

मला रडू फुटलं. आता खरं सांगते, ते लेकीसाठी नव्हतं. आत्याबाईंना कळलं तर माझी काय किंमत राहील, या विचारानं होतं. मी म्हटलं, "सिस्टर, घरात सांगू नका."

"मी कशाला सांगू? दवाखान्यात कळलेलं गावात न्यायचं न्हाय, ती माझी नोकरी हाय. पण सोमवारी थोरलीला धाडताय, ते मी हू देणार न्हाय. आणि थोरलीला खरं सांगणं माझं काम न्हाय. ज्याची चूक त्याचं तोंड."

तिथून त्या उठून आत्याबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागून. 

"आत्याबाई, आजपास्नं सात दिसांचा कोर्स हाय. सकाळ-संध्याकाळ मलम, नाकाच्या तोंडाशी नुसतं टेकवायचं, आत घालायचं न्हाय. आईच्या हाताला घाई हाय, तिनं पोरीच्या नाकाला शिवायचं न्हाय. मलम थोरलीनं लावायचं."

आत्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी जमिनीकडं.

"थोरली सोमवारी जाणार हाय," त्या म्हणाल्या.

"कोर्स चालू असताना हात बदलून चालत न्हाय."

"पण देवऋषी म्हणतो..."

"त्याला बी सात दिस थांबाय सांगा. त्याचा देव कुठं पळून चाललाय?"

असा कोर्स कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. पण त्यांचा आवाज असा होता की आत्याबाईंनी पुढं विचारलं नाही.

अक्कांना बोलावलं. त्यांनी वैशूला शिवून अडीच महिने झाले होते. त्यांनी हात धुतले, पुसले, परत धुतले. मलम बोटाच्या टोकावर मुगाएवढं घेतलं आणि वैशूच्या नाकाशी टेकवून हात असा मागं घेतला, जसा तापल्या तव्यावरून घ्यावा. वैशू म्हणाली, "थोरली आई, गुदगुल्या हुत्यात, परत लाव." सिस्टर पिशवी आवरत होत्या. ती त्यांना फार वेळ आवरावी लागली.

ते सात दिवस माझ्या बोटांना जे हाल सोसावे लागले ते कुणाला सांगू. तिसऱ्या दिवशी पोरीच्या नाकाशी थोडंसं काही लोंबताना दिसलं आणि मी आपल्याच हातांवर बसून राहिले. पाचव्या दिवशी एकदा रक्त आलं, थोडंच. अक्कांनी वैशूला पुढं वाकवलं, नाक धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसल्या. मी त्यांच्याकडं बघत होते. नंतर रक्त आलं नाही. सातव्या दिवशी नाही, पंधराव्या दिवशी नाही. नखं कापलेली, झोपताना मलम, आणि नाकाला कुणाचा पदर नाही. पुढं वर्षातून एखाद-दोनदा, उन्हाच्या दिवसांत काय व्हायचं तेवढंच.

आत्याबाईंनी जाहीर केलं की थोरलीच्या हाताला गुण आहे. लुगडी ट्रंकेवरून परत दांडीवर गेली. देवऋषाचं नाव कुणी काढलं नाही आणि अक्कांची माफीही कुणी मागितली नाही. आमच्या घरात चुका अशाच संपायच्या. शिळ्या भाकरीसारख्या, काही न बोलता गुरांपुढं जायच्या.

सिस्टर मात्र विसरल्या नाहीत. महिन्याच्या फेरीला आल्या की जाता जाता हळूच विचारायच्या, "सांगितलंस?" मी म्हणायचे, सुगी होऊ द्या. सुगी झाली की म्हणायचे, संक्रांत होऊ द्या, तिळगूळ देताना सांगते. "तुझी माफी काय पंचांग बघून निघणार हाय?" त्या म्हणायच्या आणि वाटेला लागायच्या. रागावल्या मात्र कधीच नाहीत. मला वाटतं रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडून मोकळी झाले असते.

त्यांचा दरारा असा की हळूहळू आमच्या भागात कुणाचं पोर रक्तानं माखलं तरी कांदा शोधायला कुणी पळेना. एका लग्नात ऐन मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या धाकट्या बहिणीचा घोळणा फुटला. सिस्टर जेवायला आलेल्या. तिथंच मांडवात खुर्ची ओढून तिचं नाक धरून बसल्या. भटजींचं आवरत आलं तशी नवरी वळून बघायला लागली. सिस्टर भटजींना म्हणाल्या, "अजून चार मिन्टं म्हणा की. बहीण बरी झाल्याबिगर तिचं ध्यान लागायचं न्हाय." भटजींनी कुठली तरी दोन जादा कडवी म्हटली. त्या जोडप्याचं फार चांगलं चाललंय.

पण जे आपल्याला जमत नाही ते जमत नाही म्हणण्यात त्यांना कमीपणा वाटायचा नाही. एका मुलीच्या एकाच नाकपुडीतून महिनाभर घाण वास येणारं पाणी येत होतं, मध्येच रक्ताचा थेंब. आई म्हणाली, सिस्टर, तुमी धरून बघा दहा मिन्टं. त्या म्हणाल्या, "हे धरायचं न्हवं, काढायचं हाय. आत काय तरी बसलंय. मी चिमटा घातला तर अजून आत जाईल." स्वतः त्या मुलीला घेऊन बारामतीच्या एसटीत बसल्या. निघाला चिंचोका. तो त्यांनी कागदात बांधून आणला आणि शाळेत मुलांना दाखवला. "नाकात झाड येत न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हणून बी लावू नका."

तीन वर्षांनी त्यांची बदली झाली, त्यांच्याच सांगवीच्या बाजूला. मी त्यांना एसटीच्या थांब्यावर पोचवायला गेले. बरोबर शिदोरी, हळदकुंकू. गाडी येताना दिसली तेव्हा त्यांनी विचारलं, "सांगितलंस?" मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "इंदू, नाकाचं मी धरून थांबवू शकले. हे धरून ठिवलंस तर थांबत न्हाय, आत उतरतं." गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हात केला. मी घरी येऊन अक्कांना म्हणाले, सिस्टर गेल्या. बाकीचं परत राहिलं.

आणखी चार वर्षांनी सिस्टर वारल्याची खबर आली. पोटाचं दुखणं होतं, पन्नाशीही गाठली नव्हती. नोकरी चालू असतानाच गेल्या. पुण्यानुमोदनाचा दिवस कळला तसं अक्का आपणहून म्हणाल्या, आपण दोघी जाऊ. वैशू तेव्हा आठवीत होती. इंदापूर, बारामती, तिथून सांगवी, असं करत आम्ही पोचलो. समाजमंदिरात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पुढं मेणबत्त्या, सिस्टरांचा फोटो. फोटोतसुद्धा छातीवर उलटं घड्याळ. वंदना झाली आणि मग एकेक जण उठून बोलायला लागला. एका म्हाताऱ्या आबांनी नाक कसं धरायचं ते स्वतःचं नाक धरून दाखवलं, आणि तसंच धरून रडले. त्यामुळं त्यांचं पुढचं कुणाला कळलं नाही.

मी उठले ती दोन चांगले शब्द बोलायला. सिस्टरांनी माझ्या मुलीला बरं केलं, त्यांना न सांगता सगळं कळायचं, असं घोकून आणलेलं होतं. पहिलं वाक्य बोलले आणि समोर अक्का दिसल्या. हात मांडीवर, चेहरा शांत. माझ्या तोंडून निघालं, "माझ्या पोरीच्या नाकातनं रगत यायचं ते माझ्यामुळं यायचं. मीच रोज खरवडत हुते. आणि नाव घेतलं माझ्या जाऊबाईंचं. त्यांना मी अडीच महिने माझ्या लेकीला शिवू दिलं न्हाय, घरातनं काढाय निघाले हुते. सिस्टरांना ठावं हुतं. त्यांनी कुणाला सांगितलं न्हाय. मी बी सात वर्सं सांगितलं न्हाय. अक्का, माझं चुकलं." पुढं काय बोलावं ते सुचेना, पण खाली बसायचंही सुचेना. अक्कांनी हात लांब करून माझा पदर ओढला. "बस आता," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना बी बोलायचं असंल."

कार्यक्रम संपल्यावर आम्ही अंगणात आलो. मी म्हटलं, "अक्का, खरंच..."

"मला ठावं हाय," अक्का म्हणाल्या. "मीच गेले हुते सिस्टरकडं. सोमवारी मला धाडणार, त्याच्या आधीच्या शुक्रवारी. बाजाराचं निमित्त केलं. तिला म्हणलं, इंदू रोज सकाळी पोरीचं नाक खरवडती. मी बोलले तर म्हणतील वांझेच्या पोटात दुखतंय. तुमी एकदा सकाळी येऊन डोळ्यानं बघा."

 तीन वर्षं माझ्यासाठी एक आणि अक्कांसाठी एक, अशी दोन गुपितं घेऊन ती बाई आमच्या घरी चहा पीत राहिली, आणि एकीचं दुसरीला कळू दिलं नाही.

"मग तुमी कधी बोलला न्हाय ते?"

"तिनं बोलू दिलं न्हाय. म्हणली, इंदू सांगंल. तू आधी बोललीस तर तिचं सांगायचं ऱ्हाऊन जाईल."

"आणि तुमी सात वर्सं वाट बघत बसला?"

अक्कांनी चपलांच्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या आणि पायात सरकवल्या.

"बसले कुठं," त्या म्हणाल्या. "कामं हुती."